दाविदमामांची लाईन

आमच्या गावात भर रस्त्यात एखादा माणूस पालथा पडलेला दिसला, तर लोक त्याला वळसा घालून जात. नवखा मात्र फसे. एकदा दौंडहून आलेल्या पाहुण्याने धावत जाऊन त्या पालथ्या माणसाच्या नाकाला आपली चप्पल लावली. फिट आली की आपल्याकडे हाच उपाय. पालथा माणूस भडकला. "ओ पाव्हणं, वास नको, आवाज पायजे! गप उभं ऱ्हावा जरा."

हे आमचे दाविदमामा. शिरूरहून दौंडला जाताना आमचं बाजारगाव लागतं, तिथल्या नळयोजनेचे व्हॉल्व्हमन. मिशनच्या चाळीत राहायचे. हातभर लोखंडी गज जमिनीत रोवून त्याच्या टोकाला कान लावला, की खालचा नळ कुठं गळतोय ते त्यांना कळे. नळ आले तेव्हा प्रत्येक पाईप त्यांच्या डोळ्यांदेखत पुरलेला. त्याचा नकाशा कागदावर कुठंच नव्हता, सगळा मामांच्या डोक्यात. म्हणून त्यांचा तोरा असा, "नदी देवाची, टाकी गावाची, लाईन माझी!"

टाकीत ते नेमाने पावडर टाकत. माझ्या आईला तो वास खपत नसे. "दाविद, असलं पाणी देवाला कसं घालू रं?"

"आजी, औषधाचा वास येतोय म्हंजी मी कामावर हाय. देवाला जुलाब झालं तर मला बोलू नका."

एका उन्हाळ्यात मात्र आमच्या गल्लीतल्या पोरांनाच जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी लेक कुंदाही अंथरुणाला खिळली. पाणी कमिटीच्या चेरमनांनी सगळं खापर मारुतीपुढच्या विहिरीवर फोडलं. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. मामा थेट चेरमनांच्या टेबलापुढं उभे राहिले.

"हिरीला कशापायी बदनाम करता? तिचं पाणी वरच्या आळीची माणसंबी पित्यात, तिथं एक पोरगं आजारी न्हाई. दोष माझ्या लाईनीत हाय. मला हुडकू द्या."

"सापडला तर नोकरी जाईल," चेरमन म्हणाले.

"जाऊ द्या. पोरं जायला नगंत."

दुसऱ्या दिवशी पाणी बंद केल्यावर मामा गज घेऊन आमच्या गल्लीत पालथे पडले. मी विचारलं, "मामा, पाणी बंद, मग ऐकता काय?"

"मास्तर, पाणी गेलं की रिकामा नळ आत हवा वढतो. जोड ढिला आसंल तितं गटारीचं पाणीबी वढतो. ते ऐकायचंय."

एकेक दार करत ते आमच्या दाराशी आले आणि तिथंच थांबले. उठले तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

मलाही एकदम आठवलं. आमच्याकडे नळ घेतला तेव्हा पाईप तुळशीवृंदावनाखालून सरळ जायचा होता. आई आडवी आली. तुळशीला कुदळ लावू देणार नाही म्हणाली. तिचा शब्द मोडवेना म्हणून मामांनी पाईप वाकवला आणि मोरीच्या गटारातून आत घेतला. तुळस वाचली, आणि गल्लीचं पिण्याचं पाणी घाणीच्या शेजाराला गेलं! खणून पाहिलं, तर काळ्या पाण्यात जोड लटलट हलत होता.

आईने तोंडाला पदर लावला. "माझ्या हट्टानं झालं रं समदं."

"सांगणं तुमचं आजी, पर पाईप वाकवणारा हात माझा." चेरमनांपुढंही त्यांनी तेच सांगितलं. "चूक माझी. लिवून घ्या."

चेरमनांनी लिहून घेतलं आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मामांना काढलं असतं तर डोक्यातला नकाशाही गेला असता, एवढं त्यांनाही कळत होतं.

आईने तुळस आपल्या हाताने उपटून घासलेटच्या डब्यात लावली. नवा पाईप सरळ गेला. उकळलेल्या पाण्यावर पोरं एव्हाना सावरली होती. नमुन्याची बाटली पुण्याला गेली, पण निकालाला आठ दिवस लागणार होते. नळ सुटला तशा बायका हंडे घेऊन धावल्या. मामा आडवे उभे राहिले. त्यांनी नळ बराच वेळ वाहू दिला, खिशातला जर्मनचा पेला काढला, दोनदा भरून प्यायले आणि आमच्या पायरीवर बसले.

"उद्या दुपारपातुर मी धड ऱ्हायलो तर भरा."

मला रागच आला. "मामा, तुम्हीच का?"

"समद्यांच्या घरात मागं रडणारं कुणीतरी हाय, मास्तर. माझ्या खोलीत कोण हाय? तवा पयला पेला माझा." हेही ते लाईनीइतक्याच तोऱ्यात बोलले.

आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, मामांच्या हातातला तोच उष्टा पेला घेतला, नळाखाली धरला आणि ते उठायच्या आत घटाघटा पिऊन मोकळी झाली. मग पदराने तोंड पुसून पायरीवर त्यांच्या शेजारी टेकली.

"बस आता गप. काय झालंच तर कुंदा रडंल की दोघांसाठी."