निळ्या म्हशीच्या मोहिमेची हकीकत

श्री. विद्येची देवता प्रसन्न असो, आणि ती कामात असेल तर निदान तपासणीचे साहेब तरी प्रसन्न असोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी वर्तमान जाहले ते ऐसे. नदीअलीकडील शाळाराज्यात मुख्याध्यापिकाबाईसाहेब राज्य करीत होत्या, आणि त्यांचे पदरी हा सेवक चित्रकलेचा सरदार. सरदारी नावाचीच, मुलूख म्हणजे आठवड्याचे दोन तास, पैकी एक गणितवाले मारून नेत. पराक्रम ऐसा की पंधरा वर्षांत हरएक पोराकडून दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी, इतकेच काढविले. मग वरून फर्मान आले की कलेच्या योगे बालकांनी मन मोकळे करावे आणि परस्परांत मिळून मिसळून राहावे, आम्ही पाहावयास येतो. मग सेवकाने मोठी मसलत करून वीस हात कापड सातवीपुढे अंथरले आणि आज्ञा केली की सर्वांनी मिळून आपला गाव रंगवावा.

त्या वर्गात द्वारका नामे पोर होती. जूनमध्ये परगावाहून आली, तेव्हापासून वर्गात अक्षर बोलली नव्हती; पोरे तिला मुकी म्हणत आणि डब्याला जवळ घेत नसत. सेवकाने सहा महिने पाहिले आणि काही केले नाही, हेही लिहिणे प्राप्त. तिने कोपऱ्यात बसोन म्हैस काढली, आणि ती निळीभोर. पोरे हसली, मग जवळ सरकली, आणि प्रणाली नामे पोरीने पुसिले, "अगं, हिचं नाव काय?" आणि द्वारका बोलली, "यमुनी. लाथ मारते." मग काय विचारता! कोणाला लागली, कुठे लागली, सगळे पुसून जाहले, आणि चौघे तिचे रंग कालवू लागले, आणि डबा पाचजणांत फिरला. ऐसी फत्ते जाहली तेव्हा सरदार खिडकीपाशी चहा पीत होते.

मग सरदारांस दुर्बुद्धी सुचली. उद्या साहेब येणार आणि म्हैस निळी? नाक कापले जाईल की! म्हणोन शाळा सुटल्यावर एकटे बसोन म्हैस काळीकुळकुळीत केली, शिंगे सुधारली, आणि सवयीने मागे दोन पाणचट डोंगरही टाकले.

दुसरे दिवशी साहेब आले, खूष जाहले आणि पुसते जाहले, "वा! म्हैस कोणी काढली?" पोरे एका सुरात म्हणाली, "सरांनी!" द्वारका मान खाली घालून उभी, ओठ घट्ट मिटलेले. ते पाहोन सेवक बोलला, "साहेब, म्हैस हिची. मी बिघडवली." आणि तिजकडे वळोन, "द्वारका, चुकलं माझं. पण निळी का गं?" पोर मान वर करोन म्हणाली, "पहाटे धारेला अशीच दिसते. तुम्ही बघितलीय का सर, पहाटे म्हैस?" सेवक आठास उठतो. "नाही, बाई." "मग कशाला रंगवली?" सेवकाने निळा रंग आणोन तिजपुढे ठेविला.

काळ्यावर निळा चढेना, तेव्हा पोरांनी डोंगरांवरच नवी यमुनी मांडली, पाय आपसांत वाटून घेतले, आणि सरदार रंगाची वाटी धरून उभे राहिले, आणि "सर, हलू नका" ऐसे हुकूम ऐकते जाहले.

एवंच, साहेबांनी शेरा लिहिला की विद्यार्थ्यांची प्रगती उत्तम, शिक्षकास सुधारणेस वाव आहे. शेरा खरा. द्वारका हल्ली तासाला इतकी बोलते की "गप्प बस" म्हणावे लागते, आणि ते म्हणताना सेवकास फार सुख होते.