मेघवर्म्याची नाहरकत

कोणत्याही राजाच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण काळ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरची दोन हजार वर्षे. या काळात त्याला तलवार उपसता येत नाही, फर्मान काढता येत नाही आणि कादंबरीत आपण काय बोलतो आहोत हे तपासताही येत नाही. ही सगळी कामे वंशजांना करावी लागतात.

नागपुरात ही व्यवस्था आता चांगली रुळली आहे. प्राचीन राजावर अद्भुत कादंबरी लिहून झाली, की प्रकाशक ती छापण्याआधी त्या राजाच्या वंशजांकडे पाठवतो. वंशज ती वाचतात (काही जण खरोखर वाचतात), दुरुस्त्या सुचवतात आणि नाहरकत देतात. पूर्वी हेच काम पुस्तक छापून झाल्यावर होत असे आणि त्यात प्रकाशकाच्या काचा फुटत. आता फुटत नाहीत. काचांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा आहे.

प्रेमिला हिंगण्याला पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहे. तयार झालेल्या पंपात दोष आहे की नाही आणि असल्यास तो कोणत्या यंत्रावर शिरला, हे ठरवणे तिचे काम. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता तिने मोबाइलवर 'मेघवर्मा' ही दोन भागांची कादंबरी लिहिली. पेंचकाठचे राज्य, हाक मारताच ढग गोळा करणारी तलवार, माणसांची मने वाचणारा पांढरा हत्ती. राजा तिने मनानेच तयार केला होता (मार्च महिन्यात, बस सिग्नलला अडकली असताना), आणि पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर तसे छापलेही होते.

जूनमध्ये या राजाचे पहिले तीन वंशज पुढे आले. दिवाळीपर्यंत त्यांची संख्या सहा हजार आठशे चाळीस झाली. शहराच्या महाल भागात एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर 'मेघवर्मा वंशज महासंघ' सुरू झाला आणि सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागातून निवृत्त झालेले मुकुंदराव त्याचे सरचिटणीस झाले. राजा काल्पनिक आहे, अशी शंका कोणी काढली, तर मुकुंदराव शांतपणे समजावत. "या राजाचा एकही पुरावा सापडत नाही. म्हणजे तो कोणीतरी नष्ट केला. साध्यासुध्या माणसाचा पुरावा नष्ट करायला कोण जाईल?" अभिलेख विभागात तीस वर्षे काढलेल्या माणसापुढे या विषयात कोणी बोलत नसे.

दुसरा भाग लिहून झाला तेव्हा प्रकाशक शरच्चंद्र यांनी तो रीतसर महासंघाकडे पाठवला. एकशे बारा दुरुस्त्या आल्या. पान बारावर राजा शिंकतो, तिथे आकाशात गडगडाट होतो असे करावे. पान नव्वदवर राजा राणीकडून सारीपाटात हरतो, तिथे डाव पावसामुळे थांबवण्यात आला असे करावे. राजाची उंची दोन बोटांनी वाढवावी (हत्तीची त्या प्रमाणात). प्रेमिलाने एकशे अकरा दुरुस्त्या मान्य केल्या. एकोणिसाव्या प्रकरणाची तेवढी तिने नाकारली.

एकोणिसाव्या प्रकरणात मेघवर्मा तलावाचा बांध घालतो. खोदणाऱ्यांपैकी रेवळी नावाची बाई त्याला तोंडावर सांगते, की माती कच्ची आहे, एक पावसाळा थांबा. राजा थांबत नाही. उलट पाहुण्या राजांना गंमत दाखवायची म्हणून तलवार तीनदा फिरवतो. पाऊस कोसळतो, बांध फुटतो आणि सात गावे वाहून जातात. प्रेमिलाच्या मते ती सगळी कादंबरी या पाच पानांसाठी लिहिली होती.

महासंघाच्या कार्यालयात सुनावणी झाली.

"ताई, पूर राहू द्या," मुकुंदराव म्हणाले. "पूर उत्तम जमला आहे. माझ्या सूनबाई रडल्या. फक्त तो महाराजांमुळे येऊ नये."

"मंग कोणामुळे येईन?" प्रेमिला म्हणाली. "तलवार तर त्यायनंच फिरवली ना?"

"ते आदरातिथ्य झालं."

"अन् बांध?"

"बांध महाराजांनी खोदला का? रेवळीनं खोदला. तुम्हीच लिहिलंय, पान तीनशे सहा."

"ते तर सांगून राहिली होती ना, का थांबा म्हणून! तिच्यावर काहून लोटता?"

मुकुंदरावांनी नियमावली उघडली. नियम चौदा : कथेतील चूक वाया जाऊ देऊ नये. ज्या पात्राचे किमान अकरा वंशज नोंदलेले नसतील, त्या पात्राकडे ती वर्ग करावी. रेवळीच्या नावावर नोंद शून्य होती.

"अकरा आणा," मुकुंदराव सौजन्याने म्हणाले. "आम्ही तिलाही दोषातून सन्मानाने वगळू. पंधरा दिवस देतो." रेवळीला वगळल्यावर पूर कोणाकडे जाईल, हे प्रेमिलाने विचारले. "हत्ती आहे ना," असे उत्तर मिळाले. पण एकदा अकरा झाले, की मग राजाचे पाहू, असा हिशेब करून ती उठली.

अडचण फारशी दिसत नव्हती. हे प्रकरण तिने बसच्या ग्रुपवर आधीच टाकले होते. बसमध्ये बेचाळीस माणसे. एकोणचाळीस जणांनी ते वाचले होते, एकतीस जणांचे डोळे पाणावले होते आणि दोघांनी राजाला शिव्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन बसमध्ये चढली. सर्वांत जास्त रडलेला अंकुश पहिल्याच सीटवर होता.

"सही कर गा अंकुश."

"रेवळीसाठी? बाप्पा, जीव देईन वं मी तिच्यासाठी! काय बाई लिहिली तू!"

"जीव नको देऊ. सही दे."

अंकुशने खिडकीबाहेर पाहिले. "पोरीचं लगन जुळून राहिलं ना. पत्रिकेवर 'मेघवर्मा वंशज' छापून झालं. आता मी खोदणारीचा निंघालो, तं व्याही काय म्हणन?"

"तुले माहीत हाये ना, राजा म्याच बनवला?"

"तुनंच बनवला," अंकुश म्हणाला. "म्हणून तं भरोसा हाये."

दोन्हीकडे नाव नोंदवण्याची सोय नव्हती (एका माणसाला एकच पूर्वज, नियम तीन, याबाबत विज्ञानाचे मत मागवलेले नाही). बसमधल्या बेचाळीसपैकी सदतीस जण राजाचे वंशज निघाले, तिघांचे अर्ज वाटेत होते. उरल्या प्रेमिला आणि तिच्या शेजारी बसणारी माया; दोघींनी रेवळीच्या अर्जावर सह्या केल्या. मग प्रेमिलाचा भाऊ धम्मदीप आला. कँटीनच्या तुळसाबाईंनी अंगठ्याला शाई लावली. पारशिवनीकडच्या, विहिरी खोदणाऱ्या चार भावांनी अर्ज न वाचताच सह्या केल्या. थोरला म्हणाला, "खोदलं असंन तं आमच्यासारख्यायनंच खोदलं असंन. राजा कायले खोदते?" एकूण आठ. पंधरा दिवस संपले.

आकडेवारीची नोंद असावी म्हणून सांगतो. कादंबरीप्रमाणे मेघवर्म्याला मुलगा एकच. बांधावर खोदणारे बारा हजार. आज एका मुलाची प्रजा सहा हजार आठशे चाळीस आणि बारा हजारांची मिळून आठ. यावरून प्राचीन काळी खोदणाऱ्यांना मुले होत नसत, असा निष्कर्ष महासंघाच्या स्मरणिकेत काढला आहे. तो आकड्यांशी सुसंगत आहे.

प्रेमिलाने पुस्तक मागे घेते म्हटले. "ताई, करारात तसं नाही," शरच्चंद्र म्हणाले, आणि दुरुस्ती आपल्या कार्यालयातच करून घेतली. छापील प्रतीत रेवळी आळशी आहे. ती माती नीट चोपत नाही, त्यामुळे सात गावे जातात आणि महाराज तिला उदार मनाने क्षमा करतात. तिथे वाचकांना फार भरून येते. प्रेमिलाच्या हट्टाखातर त्या पानाखाली एक तळटीप मात्र आहे : रेवळीचे आणखी तीन वंशज नोंदले गेल्यास पुढील आवृत्तीत तिचा दोष काढून टाकण्यात येईल.

चार आवृत्त्या निघाल्या. रेवळीवर अन्याय झाला, अशी सहाशेहून अधिक पत्रे आली. पत्रांखालच्या सह्यांपुढे बहुतेकांनी आपला मेघवर्मा वंशज क्रमांक लिहिला होता. तीन जागा अजून तशाच आहेत.

महासंघाचे कार्यालय दुपारी बारा ते चार उघडे असते. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर ठेवलेले असतात, डावीकडे राजाचा, उजवीकडे रेवळीचा. रेवळीबद्दल तुम्हाला वाईट वाटले असेल, तर जरूर जा. जिना चढताना रांग लागेल. तिथे तुमच्या ओळखीची बरीच माणसे भेटतील आणि तुम्हीही कुठल्या अर्जासाठी आला आहात, हे तुम्हाला कोणी विचारणार नाही.