बबीचे एक्याऐंशी टक्के

"मिळेल का हो आपल्या बबीला मेडिकल?" बायकोने विचारलं आणि विमेवाल्यांनी चहाचा कप बाजूला सारला. असल्या प्रश्नाला नुसतं हो-नाही म्हणून मोकळं व्हायचं नसतं, तो सोडवायचा असतो, असं त्यांचं मत होतं. विमा कंपनीच्या जोखीम विभागात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाचं दुकान जळेल, कुणाची गाडी ठोकली जाईल, कुणाच्या गोदामात पाणी शिरेल, हे सगळं ते टक्क्यांत सांगत. घरीही तीच तऱ्हा. एकदा बायकोने गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, तर हे मंद आचेवर दूध उतू जाण्याची शक्यता किती, याचा हिशेब करत बसले. दूध उतू गेलं आणि ओटा त्यांनाच पुसावा लागला.

बबीचे शाळेचे गुण आधीच आले होते, प्रवेश परीक्षेचे त्याच सकाळी आले. दोन्ही वाईट नव्हते. पण 'वाईट नाहीत' एवढ्यावर मेडिकल कॉलेज दार उघडत नाही, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. बबी खिडकीशी बसून नखं खात होती. बोलायला लागल्यापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळण्याआधी बबीला जीभ दाखवावी लागे.

"नखं खाऊ नकोस. आत्ता सांगतो," म्हणून विमेवाल्यांनी कॉम्प्युटर उघडला.

ऑफिसचं आगीच्या विम्याचं पत्रक त्यांनी स्वतःच बनवलेलं होतं आणि अख्खी कंपनी त्यावर विसंबून होती. गोदामाच्या वयाच्या जागी त्यांनी शाळेचे गुण घातले, छपराच्या प्रकाराच्या जागी प्रवेश परीक्षेचे. मागच्या आगींच्या जागी कॉलेजच्या मागच्या प्रवेश याद्या बसवल्या. किती गुणांची किती मुलं आत गेली, किती बाहेर राहिली, सगळं भरलं. मग बटण दाबलं. शेवटच्या रकान्यात आकडा उमटला.

"एक्याऐंशी!" विमेवाले म्हणाले. "एक्याऐंशी टक्के शक्यता आहे!"

बायकोने हात जोडले. बबी खिडकीतून उडी मारून आली, सुदैवाने आतल्या बाजूला.

"नक्की ना, बाबा?"

"बेटा, आकड्याला माया नसते. तो खोटं बोलत नाही."

"मग सोमवारी फिजिओथेरपीची जागा घ्यायला जायचं होतं, त्याचं काय?" बायकोने विचारलं. गावातल्या त्या कॉलेजात जो आधी येईल त्याला जागा मिळत होती आणि मेडिकल हुकलंच तर हाताशी असावी म्हणून बबीने ती हेरून ठेवली होती.

"एक्याऐंशी टक्के असताना कशाला? कुणा गरजूला मिळू दे ती," विमेवाले उदारपणे म्हणाले.

बायकोच्या पोटात गोष्ट राहायची शक्यता विमेवाल्यांनी कधी काढली नव्हती. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या बिल्डिंगभर झाली आणि दारावर बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे जिमवाले आले होते. त्यांचा थोरला परीक्षेला बसला होता. बसला होता म्हणजे, अर्धा वेळ बसला होता. उरलेल्या वेळात त्याने बाकावर डोकं टेकून झोप काढली होती. विमेवाल्यांनी त्याचे गुण भरले, आणि आकडा आला चौऱ्याण्णव.

"चौऱ्याण्णव!" जिमवाल्यांनी आनंदाच्या भरात विमेवाल्यांना खुर्चीसकट उचललं. "आणि मी त्या पोराला रोज आळशी म्हणून शिव्या घालतोय!"

पाठोपाठ समोरच्या बिल्डिंगमधले हेडसर आले. त्यांचा मुलगा शाळेत पहिला आलेला. हेडसरांनी गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि आकडा फक्त औपचारिकता म्हणून ऐकायचा आहे, अशा थाटात ते बसले.

"नऊ," विमेवाले म्हणाले.

"नव्वद म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. नऊ."

"अहो, माझा मुलगा पहिला आहे!"

"तीच तर जोखीम असते, सर." विमेवाल्यांना स्पष्टीकरण सुचायला कधी वेळ लागत नसे. "सगळी हुशार मुलं वरच्या टोकाला गर्दी करतात. मग एकमेकांच्या पायात पाय अडकतात."

हेडसर गणित शिकवत. आकड्याशी वाद घालायचा नसतो, हे पोरांना सांगण्यात त्यांची हयात गेली होती. ते मान खाली घालून निघून गेले.

"अहो," दार लावून बायको म्हणाली, "झोपणाऱ्याला चौऱ्याण्णव आणि पहिल्या आलेल्याला नऊ? मला हे उलटंच वाटतंय."

"वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. त्या फरकावर तर आमची कंपनी उभी आहे."

आठवडाभर घरात रीघ लागली. मठ्ठ पोरांचे आईबाप हसत जिना उतरत आणि हुशार पोरांचे रुमाल शोधत. विमेवाल्यांना वाईट वाटे, पण आकड्यापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही म्हणे मेडिकलचं सांगता. माझ्या भाचीचं बघा बरं. राज्यात दुसरी आली आहे."

विमेवाल्यांनी गुण भरले आणि आकडा दोनदा वाचला. "साहेब, चार टक्के."

साहेब उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे आपलं आगीचंच पत्रक ना?"

"हो, साहेब."

"त्याच्या शेवटच्या रकान्यात काय येतं?"

"नुकसानीची शक्यता," विमेवाले सवयीने म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

विम्याच्या धंद्यात गोदाम सुखरूप राहण्याची शक्यता कुणी विचारत नाही. किती बुडणार, तेवढंच विचारतात. विमेवाल्यांनी जन्मभर नुकसानच मोजलेलं. त्यामुळे पत्रकाने इमानदारीत प्रवेश हुकण्याचीच शक्यता काढून दिली होती, आणि ते आठवडाभर ती प्रवेश मिळण्याची म्हणून वाटत सुटले होते. भाचीचे चार म्हणजे शहाण्णव. ती बिचारी सुटली. पण बबीचे? शंभरातून एक्याऐंशी गेले, ही वजाबाकी त्यांनी कागदावर मांडून केली, कारण डोक्यातलं उत्तर त्यांना मान्य नव्हतं. कागदावरही एकोणीसच आले. लेकीच्या हातातली जागा आपण उदारपणे गरजूला देऊन बसलो, आणि आता तिच्याइतकं गरजू कुणी नव्हतं.

फिजिओथेरपीची खिडकी पाचला कायमची बंद होणार होती. ते तडक घरी आले, बबीला चप्पल घालायला लावली आणि तिच्या तयार फाइलसकट तिला टॅक्सीत कोंबलं.

"बाबा, झालंय काय?"

"काही नाही. एखादी जागा हाताशी असलेली बरी."

"एक्याऐंशी टक्के असताना?"

"तू समोर बघ," विमेवाले म्हणाले. लेकीकडे बघायचा त्यांचाच धीर होत नव्हता.

कॉलेजात खिडकीसमोर रांग होती आणि काचेवर चिठ्ठी लावलेली होती: एकच जागा शिल्लक. रांगेत सगळ्यात पुढे हेडसर उभे होते. त्यांच्या मागे आणखी माणसं होती, पण आधी आपापल्या फायली पूर्ण करा म्हणून खिडकीतल्या बाईंनी त्यांना बाकावर बसवलं होतं. फाइल पूर्ण असलेले दोनच, हेडसर आणि आता बबी.

गप्प राहिलं तर हेडसर जागा घेणार, आणि मेडिकल जवळजवळ खिशात असलेला मुलगा इथे अडकणार. बोललं तर? विमेवाल्यांनी कपाळ पुसलं.

"सर, जरा थांबा. तुमच्या मुलाचे नऊ नाहीत, एक्याण्णव आहेत. माझी चूक झाली. उलटा आकडा वाचला मी. ही जागा घेऊ नका."

हेडसरांनी वळून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बबीकडे, मग काचेवरच्या चिठ्ठीकडे. "अस्सं! जागा एक, तुम्ही माझ्या मागे, आणि नेमका आत्ताच आकडा उलटला?"

"तसं नाही हो, सर..."

"विमेवाले, मी शाळा चालवतो. पोटात दुखतंय म्हणून घरी जाणारी पोरं मी रोज बघतो."

"देवाशपथ खरं सांगतोय!"

बाकावरची माणसं फायली सोडून ऐकू लागली. खिडकीतल्या बाईंनीही काच सरकवून कान बाहेर काढला.

"बरं," हेडसर हाताची घडी घालून म्हणाले, "आकडे उलटले असतील तर सगळ्यांचेच उलटले असतील. मग तुमच्या मुलीचा किती?"

विमेवाल्यांनी जळालेली दुकानं पाहिली होती, बुडालेल्या बोटींचे आकडे लिहिले होते, पण एक आकडा तोंडाबाहेर काढणं त्यांना इतकं जड कधी गेलं नव्हतं. त्यांनी बबीचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, तसाच.

"एकोणीस," ते म्हणाले. "बेटा, तुझे एकोणीस आहेत गं."

बबीचा चेहरा उतरला. तिने दोनदा पापण्या मिटल्या. मग बापाचा हात दाबून म्हणाली, "एकोणीस म्हणजे शून्य तर नाही ना, बाबा?"

"नाही, बेटा. शून्य नाही."

"मग झालं तर. मेडिकलची मुलाखत राहिलीय अजून."

हेडसर घसा खाकरत रांगेतून बाजूला झाले. "घ्या तुम्ही जागा. थाप मारायची असती तर कुठल्याही बापाने लेकीचा आकडा फुगवूनच सांगितला असता. चार लोकांत तो उतरवून सांगायला छाती लागते."

ती जागा बबीला मिळाली. पुढचे दोन दिवस विमेवाले दारोदार फिरून माफी मागत आणि आकडे फिरवत होते. हुशारांच्या घरी त्यांना चहा मिळाला, बाकीच्यांच्या घरी दार अर्धवट उघडलं गेलं. जिमवाले तर म्हणाले, "चौऱ्याण्णवाचे सहा? अहो, हा काय भाजीचा भाव आहे?"

मग मुलाखती झाल्या. त्या पत्रकात धरलेल्याच नव्हत्या, कारण गोदामाची कुणी मुलाखत घेत नाही. हेडसरांच्या मुलाला विचारलं, "तुला डॉक्टर का व्हायचंय?" पोरगा सरळ. म्हणाला, "ते बाबांना माहीत आहे. बाहेरच बसलेत, बोलावू का?"

बबीला विचारलं, "रोगी बरा होण्याची आशा कमी असेल, तर त्याला कसं सांगशील?" तिने रांगेतली हकीकत सांगितली. "बाबांनी आधी माझा हात धरला. मग खरा आकडा सांगितला, कमी नाही की जास्त नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं, पण त्यांनी सांगितलं. मी तसंच सांगेन." हे तिने घरी जेवताना सांगितलं, तेव्हा विमेवाले पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.

यादी लागली. बबीचं नाव होतं. हेडसरांच्या मुलाचं नव्हतं. बबीने सोडलेली फिजिओथेरपीची जागा रांगेतला पुढचा नंबर म्हणून त्याला मिळाली आणि तो कधी नव्हे इतका खुशीत होता, कारण तिथे मुलाखत नव्हती.

त्या संध्याकाळी हेडसर आले. दारात त्यांना पाहून विमेवाल्यांची बोबडी वळली. "सर, एक्याण्णव म्हणजे शंभर नव्हे. ते उरलेले नऊ असतात ना, ते कधीकधी..."

"ते एक्याण्णव गेले खड्ड्यात!" हेडसर आत येऊन बसले. त्यांचा चेहरा मात्र फुललेला होता. "तुमचे आधीचे नऊच बरोबर होते. आणि बबीचे एक्याऐंशी!"

"अहो, ती चूक होती!"

"चूक कशी? तंतोतंत खरी झाली. दुरुस्त केलं तेच चुकलं."

"बोलाफुलाला गाठ पडली हो, सर! तुम्ही गणिताचे शिक्षक ना? मग जिमवाल्यांच्या थोरल्याचे चौऱ्याण्णव, त्यांचं काय?"

जिमवाले हेडसरांच्या मागोमागच आत आले होते. "आमचं सोडा. पोरगं मुलाखतीच्या दिवशी उठलंच नाही. उठलं असतं तर मिळालंच होतं की! आता हिचं बघा." त्यांनी धाकट्या मुलीला पुढे ढकललं. "पुढच्या वर्षी बसणार आहे. पण जुन्या पद्धतीनेच काढा हं. ते दुरुस्त केलेलं आपल्याला नको."

विमेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको हसू दाबत म्हणाली, "सांगा की, एवढे आढेवेढे कशाला घेताय?" बबी तर हसून लोळायची बाकी होती. जिन्यावर आणखी पावलं वाजत होती. विमेवाले सुस्कारा टाकून कॉम्प्युटरपुढे बसले.

"यंदा शाळेत किती गुण पडले गं तुला?"

"फारच कमी पडलेत, काका," मुलगी खाली मान घालून म्हणाली.

"मग," विमेवाले म्हणाले, "पुष्कळ शक्यता आहे."