पाच व्होल्ट आणि पानिपतच्या रजया

मी केलेलं यंत्र उत्तम होतं, हे आधीच सांगून ठेवतो. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या माणसाने मदर डेअरीचं दूध आणावं आणि पेपर वाचावा, अशी लोकांची अपेक्षा असते. मी बोर्ड बनवला.

कारण एकच, झोप. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत पहाटे पाचला उठून पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. प्रत्येक घराची आठवड्यातून एकदा पाळी. जानेवारीच्या थंडीत माकडटोपी घालून खाली जायचं आणि टाकी भरेपर्यंत कुडकुडत उभं राहायचं. जन्मभर ऑफिस गाठायला उठलो, आता निदान सकाळची झोप तरी पदरात पडू दे, एवढंच मागणं होतं हो माझं.

पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या या बोर्डाची खुबी अशी, की त्याचा मेंदू, म्हणजे ते टीचभर मॉड्यूल, बदलता येतं. लजपतराय मार्केटमध्ये आज मिळतं ते मॉड्यूल उद्या मिळेलच असं नाही. म्हणून मी ऑफिससारखी सोय केली. खुर्ची तीच, साहेब बदलता येणार. फक्त प्रत्येक साहेबाचा खुराक वेगळा. मोठ्या मॉड्यूलला पाच व्होल्ट लागतात, धाकट्याला तीन पॉइंट तीन. कुणाला किती वाढायचं, ते बोर्डावरची एक इवलीशी टोपी सरकवून ठरवायचं.

रविवारी सकाळी गच्चीवर प्रात्यक्षिक ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतराव आणि त्यांच्या पत्नी चंद्रप्रभावहिनी आधीच तिथे होते. मुलीच्या लग्नात द्यायला पानिपतहून आणलेल्या नव्याकोऱ्या रजया त्यांनी टाकीखालच्या कठड्यावर उन्हात टाकल्या होत्या.

"दिनकरराव, हे चाललं ना यार, तर पाळ्या बंद. बिल्कुल बंद," गुणवंतराव म्हणाले.

प्रोग्राम भरायला मी लॅपटॉप जोडला, धाकटं मॉड्यूल बसवलं आणि घरातून वर आणलेल्या वायरीत अडॅप्टर खोचून वीज दिली.

"काहीतरी जळतंय का?" वहिनींनी विचारलं.

"नवीन यंत्राला येतो असा वास," मी म्हणालो.

टोपी पाचवर राहिली होती. धाकटे साहेब पहिल्याच घासाला गेले. मी गुपचूप दुसरं धाकटं बसवलं, टोपी तीनवर सरकवली, आणि खाली पंप घुरघुरला. टाळ्या पडल्या. माझी पत्नी नीलासुद्धा हसली, आणि ती सहसा माझं यंत्र पाहून हसत नाही, मला हसते.

थोड्या वेळाने टाकी भरली. पंप चालूच.

झालं होतं असं. टाकी भरली की सांगणारा सेन्सर मी त्याच लाइनवर जोडला होता आणि त्याला पाचच व्होल्ट लागतात. मी टोपी सरकवल्यापासून तो बिचारा उपाशी, त्यामुळे मुका. आणि प्रोग्राममध्ये मी लिहून ठेवलं होतं, की सेन्सरचं उत्तर न आल्यास त्याची हरकत नाही असे समजून पंप चालू ठेवावा. जन्मभर फायलींवर हेच लिहीत आलो, हाताला दुसरं वळणच नाही.

टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पाण्याची धार थेट रजयांवर आली.

"अहो, बंद करा ते," वहिनी ओरडल्या.

मी अडॅप्टर उपटला. बोर्डावरचा दिवा जळतोच आहे. पळत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. परत आलो, दिवा जळतोच आहे. कसलीही वीज नसलेलं यंत्र मजेत पंप चालवत होतं.

"गुणवंतराव, पंपाच्या खोलीची चावी द्या."

"खिशात आहे, पण हात कुठे मोकळे आहेत?" त्यांनी दोन्ही हातांनी भिजलेली रजई धरली होती आणि ती त्यांनाच खाली ओढत होती.

तेवढ्यात नीला शांतपणे आली आणि तिने लॅपटॉपची वायर काढली. पंप थांबला.

"ह्यातूनही वीज जातच असेल ना?" ती म्हणाली.

जात होती. लॅपटॉपची बॅटरी बोर्डाला इमानेइतबारे पोसत होती. हे मला ठाऊक होतं, ऐन वेळी आठवलं नाही इतकंच.

रजया आम्ही चौघांनी पिळल्या. माझी कंबर अजून धरलेली आहे. मी वायरिंग दुरुस्त केलं, प्रोग्राम बदलला, आणि यंत्र तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. संध्याकाळी कमिटी बसली. गुणवंतराव सज्जन माणूस, त्यांनी यंत्र ठेवलं. पाळ्याही रद्द केल्या. अट एकच घातली, पंप चालू असेपर्यंत दिनकररावांनी रोज यंत्राशेजारी बसावं.

आज पहाटेही माकडटोपी चढवून निघालो. नीला रजईतूनच म्हणाली, "काही म्हणा, यंत्र उपयोगी आहे हं. पूर्वी सगळ्या बिल्डिंगला उठावं लागायचं."