सगळ्यांचे कपडे तयार आहेत

"जमलं! बाई, जमलं!" प्रोग्रामर खुर्चीतून असा उसळला, की इस्त्रीवाल्याने दचकून एका शर्टाची कॉलर करपवली.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. धुऊन झालेल्या कपड्यांचे नंबर टाकले, की त्या-त्या गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जायला हवा होता. आज ते जमलं नाही तर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी स्वच्छ बजावलं होतं. आधीच त्यांचं मत बरं नव्हतं. नोकरी मागायला हा गडी चुरगळलेल्या शर्टात आला होता. निळा सूट मेहुण्याने ढापला, हे रडगाणं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

घोडं पेंड खात होतं नंबरांच्या यादीपाशी. सगळे नंबर स्वल्पविरामांनी जोडून त्याने एकाच पॅरामीटरमध्ये, म्हणजे एकाच नंबराच्या जागी, कोंबले होते. डेटाबेस तो एकच लांबलचक नंबर समजे आणि असं गिऱ्हाईकच नाही म्हणून हात झटके. आता मात्र प्रत्येक नंबर सुटा करून त्याने यादी रीतसर दिली होती.

"आणि यादी रिकामी असली तर?" बाईंनी विचारलं.

"त्याचाही बंदोबस्त केलाय! यादी रिकामी, तर 'फक्त याच नंबरांच्या गिऱ्हाइकांना मेसेज' ही अटच काढून टाकायची. काम अडायलाच नको!" असं म्हणून त्याने उत्साहाच्या भरात एकही नंबर न टाकता बटण दाबलं.

अट गेली आणि धरबंधच सुटला. "आपले कपडे तयार आहेत. आजच घेऊन जा," हा मेसेज आजवरच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना गेला.

बघता बघता दुकानापुढे ही झुंबड!

"अहो, मी कपडे टाकलेच नव्हते!"

"मग आलात कशाला?"

"तयार आहेत म्हणालात ना!"

एका आजोबांना त्यांचा लग्नातला कोट सापडला. पोटावर बटणं लागेनात, तरी ते तो उतरवायला तयार होईनात. माळ्यावरची बेवारशी गाठोडी भराभर खाली येऊ लागली. प्रोग्रामरने गुपचूप आपली बॅग आवरायला घेतली.

"ठेवा ती खाली!" बाईंचा चेहरा खुलला होता. "अहो, माळा रिकामा झाला माझा! नोकरी पक्की तुमची."

त्याला आनंदाने काय करू नि काय नको झालं. तेवढ्यात गर्दीतून त्याची बायको पुढे आली. तिच्या खांद्यावर निळा सूट होता.

"स्वतःच इथे धुवायला टाकलात, फोन नंबर माझा दिलात, आणि विसरलात," ती गोड हसून म्हणाली आणि मोबाइल त्याच्या कानाला लावला. "दादा आहे फोनवर. माफी मागा. आणि अट एकही घालायची नाही."