थ्रॅपसाहेबांनी नाटक सोडिले त्याची हकीकत

श्रीनटेश्वर साक्ष. आज्ञा जाहली की, टोपीकरांचे मुलुखी कोणी नाटकवेडा नगराध्यक्ष होऊन गेला, त्याचे वर्तमान ल्याहावे. त्यावरून ऐकिले तैसे लिहिले. पदरचे तिखटमीठ थोडके पडले असेल, तितके पोटात घालावे.

शके अठराशे सत्त्याऐंशी, विश्वावसुनाम संवत्सरी, विलायतेचे उत्तरेस लोकर विणणारांचे एक नगर, तेथे एडविन थ्रॅपसाहेब नगराध्यक्षपदी विराजमान होते. गळां सोन्याची साखळी, देह स्थूल, आणि नाटकाचे वेड ऐसे की विनोदी खेळातही रडत. नगरीचे जुने नाटकघर साहेबीं पदरमोड करून सांभाळिले, मग नटांनी त्यांस आश्रयदाते म्हणून सज्ज्यातील पहिली खुर्ची दिधली, आणि साहेब पत्नी विनिफ्रेडबाईंसह नित्य तेथे बसत. मग नगरसभेत मसलत निघाली की, नाटकघर पाडावे आणि तेथे मोटारी उभ्या करावयास मैदान करावे. सभेत शहाणे फार. शहाण्यांस मोटार कळते. निम्मे इकडे, निम्मे तिकडे जाहले, आणि निवाडा साहेबांचे एका मतावर येऊन ठेपला. साहेब हर्षले. तों प्रतिपक्षाचे क्रॅबट्रीसाहेब उठोन बोलिले, "शिरस्ता आहे, ज्याचा ज्या कामी संबंध, त्याने त्या कामी मत देऊ नये. आपण तर नाटकवाल्यांचे यजमान!" साहेब म्हणाले, "यजमानपण आत्ताच सोडिले." क्रॅबट्री म्हणाले, "आज सोडाल, उद्या धराल. पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही ऐसी शपथ वाहा, मग खुशाल मत द्या." साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मग उठोन शपथ वाहिली, आणि मत दिधले, आणि नाटकघर वांचले.

पुढे स्नेहीमंडळींनी सुचविले की, पाठीमागील दाराने यावे, कोण पाहतो? साहेब म्हणाले, "भर सभेत बोललो ते बोललो." मग नेम ऐसा पडला की, बाईंनी आंत जावे, साहेबीं समोर रस्त्यावर बाकावर बसावे, आणि खेळ सुटल्यावर घरी चालता चालता बाईंनी अवघे नाटक सांगावे. बाईंस सांगण्याची हातोटी नव्हती. खून कोणी केला ते आधीच सांगत, आणि मग म्हणत, "थांबा हो, त्याचे आधी तिचा भाऊ येतो." साहेब तरीही रडत. ऐसी वर्षे गेली, आणि साहेब थकले, आणि चालता दम लागो लागला, तरी येणे सोडिले नाही. एके दिवशी बाईंनी सांगितले की, शेवटी नायिका दुखण्यातून उठली आणि नवऱ्यासह घरी गेली. साहेब थांबले आणि म्हणाले, "अगे, हा खेळ मी पूर्वी पाहिला आहे. त्यात ती मरते."

बाई म्हणाल्या, "आज नाही मेली."

साहेब बाईंचा हात धरून चालो लागले.

एकूण हकीकत इतकीच. त्याच हिवाळ्यात साहेब निवर्तले. नाटकघर उभे आहे आणि उत्तम चालते. बाई अद्याप सज्ज्यात बसतात, आणि खेळ सुटला म्हणजे बाहेर येतात, आणि आता सांगावे कोणास, ऐसे जाहले आहे. फार वाईट जाहले. लिहिणाराने लेखणी येथे ठेविली.