ग्वाग्वा म्हटलं की चूक!

“रविवारी या सगळे! आमचे हे बोलणार आहेत!” नेरेइदाने अख्ख्या गल्लीला आमंत्रण देऊन टाकलं, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या तोंडून एक अक्षरही फुटलेलं नव्हतं.

अर्धांगाचा झटका आला आणि एलादिओची वाचाच गेली. समजायचं सगळं, पण शब्द जिभेपर्यंत येऊन परत फिरायचे. सान्तियागोत जन्मभर बस चालवलेला, प्रवाशांचे कान किटवणारा माणूस! शेवटी लेकीने, योकास्ताने, टॅबलेटवर बोलण्याच्या सरावाचं ॲप घालून दिलं. चित्र बघायचं, नाव सांगायचं.

रविवारी कॉफीचे कप घेऊन शेजारीपाजारी खेटून बसले. पडद्यावर बस आली. एलादिओचा चेहरा फुलला, ओठ थरथरले.

“ग्वा... ग्वाग्वा!”

नेरेइदाने आनंदाने किंकाळीच फोडली! इथे बसला ग्वाग्वाशिवाय दुसरं म्हणतं काय कोणी?

“चूक,” टॅबलेट थंडपणे म्हणाला. “पुन्हा प्रयत्न करा.”

“चूक? बहिरा आहेस का रे मेल्या?” शेजारची उर्सुला उसळली.

“मावशी, ते माद्रिदमध्ये बनवलंय. तिकडे बसला ऑटोबूस म्हणतात,” योकास्ता म्हणाली.

“मग त्यांना म्हणावं, जा चालत!”

सगळे टॅबलेटवर तुटून पडले. “ग्वाग्वा! ग्वाग्वा!”

“चूक. चूक.”

मग संत्रं आलं. एलादिओ जिवाच्या आकांताने म्हणाला, “चि... चिना!” संत्र्याला इथे शेंबडं पोरसुद्धा चिनाच म्हणतं. पण तेही चूक!

“आपण अगदी सोपा धडा घेऊ या,” टॅबलेट म्हणाला आणि बाळांना दाखवतात तशी हंबरणारी गाय घेऊन आला. एलादिओचे कान लालबुंद झाले. नेरेइदा त्याच्या कानाला जाऊन चिकटली.

“अहो, गाय म्हणा! गा... य! माझ्याकडे बघा, तोंड असं उघडा! गाय!”

“शाब्बास, एलादिओ!” टॅबलेट तिच्याच आवाजाला म्हणाला.

एलादिओने टेबलावर मूठ आपटली. कप नाचले.

“नेरेइदा! तोंड... बंद... ठेव!”

 मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की छपरावरची कबुतरं उडाली! योकास्ता रडत बापाच्या गळ्यात पडली. एलादिओ स्वतःच्याच आवाजाने चकित होऊन हसत सुटला. नेरेइदा डोळे पुसत धावत दारात गेली.

“बोलले हो! अख्खं वाक्य बोलले! स्पष्ट!”

“काय म्हणाले गं?” समोरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडून विचारलं.

नेरेइदा घुटमळली.

“ते... जरा खासगी होतं.”